अहवालातून गायब झालेली तीन बिलं

मासिक विक्रीच्या अहवालात जानेवारीसमोर १८०० आणि फेब्रुवारीसमोर १७०० असे आकडे छापले होते. हिशेब बघणाऱ्यांनी मूळ बिलं हाताशी घेऊन बेरीज केली, तर ती ३००० आणि ३२०० आली. रक्कम कमी आली हे तर झालंच, पण अहवालाने दिशाही उलटी दाखवली होती. अहवाल म्हणतो विक्री घटली, बिलं म्हणतात वाढली. आणि डेटाबेसला विचारलेल्या ज्या क्वेरीतून हा अहवाल निघत होता, ती बिनतक्रार चालत होती. एरर नाही, इशारा नाही, एकही ओळ विचित्र दिसत नाही.

दोष निघाला कॉलमच्या एलियसमध्ये, म्हणजे निकालातल्या कॉलमला क्वेरीतच दिलेल्या नावात. गणित बरोबर होतं, टेबलातला डेटा बरोबर होता, फक्त एका नावाचा अर्थ क्वेरीच्या दोन शेजारच्या ओळींत वेगवेगळा लागत होता. एलियसबद्दल एरवी जे लिहिलं जातं ते 'व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळण्याच्या अटीत, एलियस का चालत नाही' या प्रश्नाभोवती फिरतं. तो प्रश्न इथेही आला, पण तो सोपा भाग होता. एरर आली की माणूस दुरुस्त करतो. खरी अडचण एरर न येण्याची आहे, म्हणून या प्रकरणात जास्त जागा तिलाच दिली आहे.

डेटाबेस पोस्टग्रेसचा. समजायला सोपं पडावं म्हणून टेबल सात ओळींवर आणलं आहे आणि आकडेही लहान केले आहेत. क्वेरीही देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष चालवताना सिलेक्ट, व्हेअर वगैरे शब्द आणि आकडे रोमन लिपीत लागतील. टेबलांची आणि कॉलमची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पोस्टग्रेस ती अवतरणचिन्हांशिवाय घेतो. 'बिले' या टेबलात हे आहे:

```
क्रमांक   बिल_तारीख        रक्कम    सवलत
१        ५ जाने. २०२४     १२००    २००
२        ५ जाने. २०२४      ८००      ०
३        १९ जाने. २०२४    १५००    ३००
४        ३० जाने. २०२४     ६००    १५०
५        २ फेब्रु. २०२४     २२००    ५००
६        १४ फेब्रु. २०२४     ९००    १००
७        १४ फेब्रु. २०२४     ७००      ०
```

मागणी अशी होती: सवलत वजा करून ज्या बिलाची निव्वळ रक्कम ५०० किंवा जास्त भरते तेवढीच बिलं धरायची, त्यांची महिन्यानुसार बेरीज करायची, ज्या महिन्याची बेरीज १६०० च्या खाली असेल तो महिना वगळायचा, आणि महिने क्रमाने लावायचे. चार क्रमांकाचं बिल निव्वळ ४५० चं, म्हणून ते बाद. उरलेल्या सहांपैकी जानेवारीची तीन मिळून ३०००, फेब्रुवारीची तीन मिळून ३२००. कागदावर दोन मिनिटांचं काम.

आधी आलेल्या दोन एरर

क्वेरी लिहिणाऱ्याने सुरुवात बिलांच्या साध्या यादीपासून केली. आधी कोणती बिलं धरली जाताहेत ते बघायचं आणि मग बेरीज करायची, हा क्रम चांगलाच आहे.

```
सिलेक्ट क्रमांक, बिल_तारीख, रक्कम - सवलत अ‍ॅज निव्वळ
फ्रॉम बिले
व्हेअर निव्वळ >= ५००;
```

पोस्टग्रेसने सांगितलं की 'निव्वळ' नावाचा कॉलमच अस्तित्वात नाही. एरर कोड ४२७०३. हीच क्वेरी दुसऱ्या डेटाबेसना, म्हणजे मायएसक्यूएलला दिली तर १०५४, एसक्यूएल सर्व्हरला दिली तर २०७, ओरॅकलला दिली तर ओआरए-००९०४. शब्द वेगळे, तक्रार एकच.

याचं जे उत्तर सगळीकडे मिळतं ते असं: डेटाबेस आधी फ्रॉम (कोणतं टेबल) बघतो, मग व्हेअर (ओळींची अट), मग ग्रुप बाय (गट पाडणं), मग हॅविंग (गटांची अट), मग सिलेक्ट (निकालातले कॉलम) आणि शेवटी ऑर्डर बाय (ओळींचा क्रम). व्हेअरची पाळी येते तेव्हा सिलेक्ट झालेलाच नसतो, मग त्यातलं नाव त्याला कुठून माहीत असणार? उत्तर लक्षात ठेवायला सोपं आहे आणि व्हेअरपुरतं पुरतंही. पण मला ते अर्धवट वाटतं, आणि या प्रकरणात त्याच अर्धवटपणाने घात केला. नावाचा अर्थ लावण्याचं काम टेबलातल्या ओळी वाचताना होतच नाही. ते त्याआधी, क्वेरीचं विश्लेषण करतानाच उरकलेलं असतं. टेबल पूर्ण रिकामं असलं तरी वरची एरर येतेच, यावरून ते दिसतं. शिवाय प्रत्यक्षात कोणतं काम आधी करायचं हे ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी चालवण्याचा बेत आखणारा डेटाबेसचा भाग, स्वतः ठरवतो. वर दिलेला क्रम अर्थाचा क्रम आहे, कामाचा नाही.

व्हेअरमध्ये एलियस न चालण्यामागे अर्थाचं कारण मात्र पक्कं आहे. एलियसमागे 'सम' (बेरीज) किंवा 'काउंट' (मोजणी) असू शकतो. कोणत्या ओळींची बेरीज करायची हे व्हेअर ठरवणार, आणि व्हेअरची अट त्या बेरजेवरच टेकलेली, असं झालं तर सुरुवात कुठून करायची? म्हणून प्रमाण एसक्यूएलने, म्हणजे या क्वेरींच्या भाषेच्या ठरलेल्या नियमांनी, व्हेअरला फक्त फ्रॉममधून आलेले कॉलम दिसू दिले.

पहिली दुरुस्ती लगेच झाली: व्हेअरमध्ये 'निव्वळ' काढून 'रक्कम - सवलत' हीच राशी पुन्हा लिहिली. मग महिन्याची बेरीज आली आणि तिच्याबरोबर दुसरी एरर. 'सम(रक्कम - सवलत)' ला 'एकूण' असं एलियस दिलं होतं आणि हॅविंगमध्ये 'एकूण >= १६००' लिहिलं होतं. पोस्टग्रेस पुन्हा म्हणाला, असा कॉलम नाही.

क्वेरी लिहिणाऱ्याची आधीची सगळी सवय मायएसक्यूएलची होती आणि तिथे हे चालतं. मायएसक्यूएल ग्रुप बाय, हॅविंग आणि ऑर्डर बाय या तिन्ही ठिकाणी एलियस घेतो. तिथली मंडळी तर कधी कधी ग्रुप बाय नसतानाही एलियसवर गाळणी लावायला हॅविंग वापरतात. चालतं, पण ती गाळणी इंडेक्सचा (ओळी झटपट शोधून देणाऱ्या सूचीचा) फायदा न घेता शेवटी लागते, म्हणून मोठ्या टेबलावर ही सवय महाग पडते. पोस्टग्रेसमध्ये हॅविंगला एलियस दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हर ग्रुप बायमध्येही घेत नाही, तिथे एलियसला फक्त ऑर्डर बायमध्ये प्रवेश. ओरॅकलने ग्रुप बाय आणि हॅविंगमध्ये एलियस चालवायला २३ व्या आवृत्तीत सुरुवात केली.

पोस्टग्रेसची ही वागणूक नीट बघण्यासारखी आहे. ग्रुप बायमध्ये एलियस चालतं, त्याच्या पुढच्या हॅविंगमध्ये चालत नाही, आणि त्याच्याही पुढच्या ऑर्डर बायमध्ये पुन्हा चालतं. 'आधी हे, मग ते' या क्रमाने याचा उलगडा होत नाही. क्रमानेच सगळं ठरत असतं तर ग्रुप बायमध्ये चालणारं नाव हॅविंगमध्ये चालायलाच हवं होतं. क्वेरीतली प्रत्येक ओळ नाव शोधायला कुठे जाते, याचा नियम त्या त्या ओळीपुरता वेगळा आहे, एवढंच खरं.

तिसरी वेळ, जिथे एरर आली नाही

हॅविंगमध्येही पूर्ण राशी लिहिली गेली. आणि क्वेरी चालली:

```
सिलेक्ट डेट_ट्रंक('मंथ', बिल_तारीख)::डेट अ‍ॅज बिल_तारीख,
       काउंट(*) अ‍ॅज बिलसंख्या,
       सम(रक्कम - सवलत) अ‍ॅज एकूण
फ्रॉम बिले
व्हेअर रक्कम - सवलत >= ५००
ग्रुप बाय बिल_तारीख
हॅविंग सम(रक्कम - सवलत) >= १६००
ऑर्डर बाय बिल_तारीख;
```

'डेट_ट्रंक' तारखेला त्या महिन्याच्या एक तारखेवर आणून ठेवतो. म्हणजे पाच जानेवारी असो की एकोणीस, बाहेर एक जानेवारीच पडते. निकाल आला तो असा:

```
बिल_तारीख        बिलसंख्या    एकूण
१ जाने. २०२४        २       १८००
१ फेब्रु. २०२४        १       १७००
```

दोन महिने, दोन ओळी, क्रम बरोबर. नजर फिरवून कुणीही मान्य करेल.

महिन्याच्या राशीला 'बिल_तारीख' हेच नाव कशाला दिलं, असा प्रश्न पडतो. कारण अगदी रोजच्या कामातलं होतं. आधी हाच अहवाल दैनिक होता आणि छपाईचा साचा 'बिल_तारीख' या मथळ्याचा कॉलम शोधायचा. मासिक अहवाल हवा झाल्यावर साच्याला हात लागू नये म्हणून सिलेक्टमधली एकच ओळ बदलली आणि जुनं नाव तसंच ठेवलं. ग्रुप बायची ओळ आधीपासून होतीच. वाचताना तीही बरोबरच वाटते: वर 'बिल_तारीख' म्हणजे महिना असं म्हटलंय, खाली 'बिल_तारीख' नुसार गट पाडलेत, मग गट महिन्याचे.

पण पोस्टग्रेस ते तसं वाचत नाही. ग्रुप बायमध्ये आलेलं साधं नाव टेबलातल्या कॉलमचंही असेल आणि सिलेक्टमधल्या एलियसचंही, तर तो टेबलातला कॉलम धरतो. म्हणजे इथले गट दिवसाचे पडले. ऑर्डर बायमध्ये याच्या नेमकं उलट होतं: तसाच पेच आला तर तिथे तो एलियस धरतो. हॅविंगची ओळ सोडली तर लगतच्या दोन ओळी, दोन्हीत अक्षरशः तेच नाव, पण एक टेबलाकडे बोट दाखवते आणि दुसरी सिलेक्टकडे.

पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात ही विसंगती उघडपणे मान्य केली आहे आणि प्रमाणाशी जुळवून घेण्यासाठी ती ठेवली असंही तिथे सांगितलं आहे. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणात ग्रुप बायला फक्त टेबलाकडून आलेले कॉलम ठाऊक होते आणि ऑर्डर बायला फक्त निकालातले कॉलम किंवा त्यांचे क्रमांक. पोस्टग्रेसने पुढे दोन्हीकडे दुसऱ्या बाजूची नावंही घ्यायला सुरुवात केली, पण पेच पडला की जुन्या प्रमाणाचा कौल. प्रत्येक निर्णय सुटा बघितला तर शहाणपणाचा आहे. दोन्ही एका क्वेरीत एकत्र आले की सापळा तयार होतो.

आता निकाल असा का दिसला ते बघू. व्हेअरमधून पार झालेल्या सहा बिलांचे दिवसाप्रमाणे चार गट पडले. पाच जानेवारी: दोन बिलं, १८००. एकोणीस जानेवारी: एक बिल, १२००. दोन फेब्रुवारी: एक बिल, १७००. चौदा फेब्रुवारी: दोन बिलं, १५००. मग हॅविंग आलं. त्यातली १६०० ची अट महिन्यासाठी ठरवली होती, पण ती लागली दिवसाच्या गटांना. १२०० आणि १५०० चे गट गळाले. उरलेल्या दोन गटांच्या तारखांना 'डेट_ट्रंक' लागला आणि त्या एक जानेवारी, एक फेब्रुवारी अशा दिसू लागल्या. तीन, सहा आणि सात क्रमांकाची बिलं या वाटेने नाहीशी झाली.

हॅविंग नसतं तर जानेवारी दोनदा आणि फेब्रुवारी दोनदा अशा चार ओळी आल्या असत्या आणि चूक पहिल्याच दिवशी हाती लागली असती. गाळणीनेच पुरावा पुसला. अशा प्रकरणांत बहुतेकदा पुढचं काहीतरी मागची चूक झाकतं. कुठे हॅविंग, कुठे ठराविक ओळींवर थांबवणारं लिमिट, तर कुठे आलेखाचं सॉफ्टवेअर, जे एकाच महिन्याच्या दोन ओळी आल्या तर शेवटची ठेवून आधीची टाकून देतं.

व्याकरणाच्या तपासणीत ही क्वेरी अडकली का नाही, याचंही उत्तर आहे. ग्रुप बाय असताना सिलेक्टमध्ये गटाबाहेरचा कॉलम आला तर पोस्टग्रेस एरर देतो. इथे सिलेक्टमधली राशी 'बिल_तारीख' वर उभी आहे आणि गटही त्याच कॉलमवर पाडलेत. नियम तंतोतंत पाळला गेला. एलियसचं नाव 'महिना' असतं आणि ग्रुप बायमध्ये चुकून 'बिल_तारीख' राहिलं असतं, तरी क्वेरी चाललीच असती, पण तेव्हा वाचणाऱ्याला दोन नावांतला फरक डोळ्याने दिसला असता. नाव एकच ठेवल्यामुळे तीही सोय गेली.

मायएसक्यूएलमध्येही ग्रुप बाय आधी टेबलातला कॉलम शोधतो, म्हणजे निकाल असाच चुकतो. तिथे संदिग्धतेबद्दल एक वॉर्निंग निघते. पण प्रोग्रॅममधून चालणाऱ्या क्वेरीच्या वॉर्निंग वाचणारे लोक फार थोडे.

या क्वेरीची चाचणी होती. तिच्या डेटात प्रत्येक महिन्याची सगळी बिलं एकाच तारखेची होती, कारण हाताने डेटा लिहिताना महिन्याची एक तारीख टाकणं सोपं जातं. दिवसाचे गट आणि महिन्याचे गट तिथे एकच निघतात. चाचणी हिरवी, म्हणजे पास, पण क्वेरी चुकीची.

शोध कसा लागला

पहिला धागा बिलसंख्येचा. हॅविंगसकट अहवालातली बिलसंख्या एकूण तीन. तीच व्हेअरची अट लावून, गट न पाडता 'काउंट(*)' घेतला तर सहा. हॅविंगने एखादा अख्खा महिना वगळला असता तर एवढा फरक समजण्यासारखा होता, पण दोन्ही महिने अहवालात हजर आहेत. हजर असलेल्या महिन्यातली बिलं कमी पडताहेत म्हणजे गटच चुकीचे, या अनुमानापर्यंत यायला फार वेळ लागत नाही.

दुसरा आणि निर्णायक पुरावा एक्सप्लेनने दिला. क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लावलं की पोस्टग्रेस आपला बेत दाखवतो आणि त्यात गट पाडण्याच्या पायरीखाली 'ग्रुप की' अशी ओळ असते. तिथे नुसतं 'बिल_तारीख' दिसलं. गट महिन्याचे असते तर तिथे 'डेट_ट्रंक' ची पूर्ण राशी दिसली असती. एलियसचा अर्थ डेटाबेसने काय घेतला याचा तर्क करत बसण्यापेक्षा ही ओळ वाचणं मला केव्हाही बरं वाटतं. ती सांगते ते अंतिम.

मग त्याच टेबलावरच्या बाकीच्या क्वेरी चाळल्या गेल्या, आणि त्याच जातीची आणखी एक सापडली. ही आधीचीपेक्षा साधी, म्हणूनच जास्त फसवी:

```
सिलेक्ट क्रमांक, रक्कम - सवलत अ‍ॅज रक्कम
फ्रॉम बिले
व्हेअर रक्कम >= ५००
ऑर्डर बाय रक्कम;
```

व्हेअरमधली 'रक्कम' टेबलातली आहे, सवलतीच्या आधीची. ऑर्डर बायमधली 'रक्कम' सिलेक्टमधली आहे, सवलतीनंतरची. चार क्रमांकाच्या बिलाची मूळ रक्कम ६००, म्हणून ते व्हेअरमधून सहज पार होतं आणि यादीत सगळ्यात वर ४५० म्हणून झळकतं. '५०० आणि त्यावरची बिलं' असं शीर्षक, आणि पहिलीच ओळ ४५० ची. इथे तरी चूक दिसत होती, फक्त कुणी पहिल्या ओळीकडे बघितलं नव्हतं.

काही डेटाबेस व्हेअरमध्येही एलियस घेतात: एसक्यूलाइट, स्नोफ्लेक, डकडीबी ही त्यातली नावं. तिथून आलेल्या माणसाला वाटेल की आपल्याकडे वरची क्वेरी बरोबर चालेल. पण एसक्यूलाइट आणि स्नोफ्लेकमध्येही नाव दोन्हीकडे असेल तर व्हेअर टेबलातलाच कॉलम उचलतो. क्लिकहाउस या डेटाबेसची तऱ्हा निराळी. तो एलियस सगळ्या क्वेरीभर दिसू देतो आणि पेच पडला तर, सेटिंग बदललं नसेल तर, एलियसलाच मान देतो. म्हणून तिथे 'सम(रक्कम) अ‍ॅज रक्कम' लिहून व्हेअरमध्ये 'रक्कम' वापरली की बेरीज व्हेअरमध्ये घुसली म्हणून एरर येते. नवख्याला ती एरर तापदायक वाटते, पण गुपचूप चुकणाऱ्या निकालापेक्षा ती परवडली.

दुरुस्तीचे पर्याय

सगळ्यात छोटी दुरुस्ती म्हणजे 'ग्रुप बाय १'. आकडा निकालातल्या पहिल्या कॉलमकडे बोट दाखवतो, नावाचा प्रश्नच मिटतो, आणि गट महिन्याचे पडतात. हातोहात काहीतरी तपासायला मी हे बिनदिक्कत वापरेन. साठवून ठेवायच्या क्वेरीत नाही. उद्या कुणी सिलेक्टमध्ये पुढे एखादा कॉलम घुसवला की गट बदलणार, आणि पुन्हा कदाचित एररशिवाय. एसक्यूएल सर्व्हर तर ग्रुप बायमध्ये क्रमांक स्वीकारतच नाही.

दुसरा पर्याय, ग्रुप बायमध्ये 'डेट_ट्रंक' ची राशी पूर्ण लिहिणं. हे सगळीकडे चालतं आणि वाचणाऱ्याला शंका उरत नाही. पण 'रक्कम - सवलत' आधीच दोन-तीन ठिकाणी लिहिली होती, त्यात ही भर. पुनरावृत्तीने वेग फारसा कमी होत नाही. भीती असते ती एक जागा बदलून दुसरी राहून जाण्याची. सवलतीच्या कॉलममध्ये 'नल' आला, म्हणजे किंमत भरलेलीच नसली, की 'रक्कम - सवलत' ही राशीही नल होते. कुणीतरी सिलेक्टमध्ये नलच्या जागी शून्य धरणारं 'कोअलेस(सवलत, ०)' लावतो, व्हेअरमध्ये लावायचं राहतं. मग नल सवलतीची बिलं व्हेअरमध्येच गळतात, कारण नलची ५०० शी तुलना खरी ठरत नाही. सिलेक्टमधली दुरुस्ती बरोबर असूनही तिच्यापर्यंत ती ओळ पोहोचतच नाही.

म्हणून निवडला तो तिसरा पर्याय, राशी आतल्या क्वेरीत एकदाच लिहिण्याचा:

```
विथ निव्वळ_बिले अ‍ॅज (
  सिलेक्ट डेट_ट्रंक('मंथ', बिल_तारीख)::डेट अ‍ॅज महिना,
         रक्कम - कोअलेस(सवलत, ०) अ‍ॅज निव्वळ
  फ्रॉम बिले
)
सिलेक्ट महिना, काउंट(*) अ‍ॅज बिलसंख्या, सम(निव्वळ) अ‍ॅज एकूण
फ्रॉम निव्वळ_बिले
व्हेअर निव्वळ >= ५००
ग्रुप बाय महिना
हॅविंग सम(निव्वळ) >= १६००
ऑर्डर बाय महिना;
```

आतल्या क्वेरीचं एलियस बाहेरच्या क्वेरीसाठी टेबलाचा कॉलम होऊन येतं. त्यामुळे व्हेअरला 'निव्वळ' दिसतं, ग्रुप बायला 'महिना' दिसतो, आणि बाहेरच्या सगळ्या ओळी नाव शोधायला एकाच ठिकाणी जातात. मूळ 'बिल_तारीख' बाहेर येतच नाही, त्यामुळे तिच्याशी गल्लत व्हायला जागा उरत नाही. निकाल: जानेवारी, तीन बिलं, ३०००. फेब्रुवारी, तीन बिलं, ३२००.

'विथ' मुळे क्वेरी मंदावते अशी तक्रार पोस्टग्रेसच्या जुन्या वापरकर्त्यांकडून हमखास येते. १२ व्या आवृत्तीच्या आधीपर्यंत तीत तथ्य होतं. तोवर विथमधली क्वेरी वेगळी चालवून तिचा निकाल बाजूला ठेवला जायचा आणि बाहेरची अट आत ढकलली जायची नाही. २०१९ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून, विथमधली साधी क्वेरी एकदाच वापरली असेल तर ती बाहेरच्या क्वेरीत विरघळवली जाते. जुन्या आवृत्तीवर असाल तर हीच क्वेरी फ्रॉमच्या कंसात उपक्वेरी म्हणून लिहा, काम तेच होईल.

लॅटरलचा, म्हणजे फ्रॉममध्येच प्रत्येक ओळीसाठी छोटी क्वेरी जोडण्याचाही विचार झाला. 'फ्रॉम बिले क्रॉस जॉइन लॅटरल' च्या पुढे कंसात 'सिलेक्ट रक्कम - सवलत अ‍ॅज निव्वळ' लिहिलं की तेही व्हेअरला दिसतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम क्रॉस अप्लाय करतं. एकावर एक रचलेल्या राशी बऱ्याच असतील, म्हणजे निव्वळवरून कर, करावरून एकूण, तर ही रचना विथपेक्षा सुटसुटीत पडते. इथे दोनच राशी होत्या. निव्वळ रक्कम पंधरा ठिकाणी लागत असेल तर टेबलातच जनरेटेड कॉलम, म्हणजे ज्याची किंमत डेटाबेस स्वतः काढतो असा कॉलम, करणं सरळ. पोस्टग्रेसमध्ये तीही सोय १२ व्या आवृत्तीपासून आहे.

ऑर्डर बायबद्दल एक गोष्ट दुरुस्तीच्या वेळी अनपेक्षितपणे पुढे आली. कुणीतरी मोठी बेरीज वर यावी म्हणून 'ऑर्डर बाय -एकूण' लिहिलं आणि पोस्टग्रेसने पुन्हा 'असा कॉलम नाही' म्हटलं. 'ऑर्डर बाय एकूण डेस्क' (डेस्क म्हणजे उतरता क्रम) मात्र चाललं. ऑर्डर बायला एलियस दिसतं ते एकटं असेल तरच. त्याला उणे चिन्ह लावलं, केसमध्ये गुंडाळलं किंवा फंक्शनमध्ये घातलं की ती राशी होते, आणि राशीतली नावं टेबलाकडची धरली जातात. एसक्यूएल सर्व्हरही असाच अडतो, मायएसक्यूएल अडत नाही. आणि एलियसचं नाव टेबलातल्या कॉलमशी जुळत असेल तर इथेही एरर येणार नाही. मघाच्या दुसऱ्या क्वेरीत 'ऑर्डर बाय रक्कम' सवलतीनंतरच्या रकमेने लावतं आणि 'ऑर्डर बाय -रक्कम' सवलतीआधीच्या. या सात बिलांत क्रम जवळपास नुसता उलटाच होतो, फरक एकाच जागी दिसतो: दुसरं आणि सहावं बिल, जी सवलतीनंतर ८०० वर बरोबरीत आहेत, ती सवलतीआधी ८०० आणि ९०० अशी फुटतात.

छपाईच्या साच्यात मथळा 'महिना' असा बदलला. ज्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हणून सगळं झालं, तिथे बदलायला लागली एक ओळ. एलियसला टेबलातल्या कोणत्याही कॉलमचं नाव द्यायचं नाही, असा नियम त्या चमूने केला. फ्रॉममधल्या टेबलांचे कॉलम आणि सिलेक्टमधली एलियसं ताडून बघणारी छोटी तपासणीही जोडली. 'बिले.बिल_तारीख अ‍ॅज बिल_तारीख' सारखं निरुपद्रवी नाव तिच्यातून सुटतं, राशीला तसं नाव दिलं की ती अडवते.

चाचणीच्या डेटात फक्त एक ओळ बदलली: जानेवारीच्या एका बिलाची तारीख एकवरून एकोणीसवर नेली. जुनी क्वेरी तिच्यावर चालवली तेव्हा चाचणी लाल झाली, नवीवर हिरवी. मागच्या महिन्यांचे अहवाल पुन्हा काढावे लागले. त्यातले थोडे बरोबर निघाले, ज्या महिन्यांत सगळी बिलं एकाच दिवशी फाडली होती तेवढेच.